अंडं, ताप आणि प्लॅटिनमचा पांडा

उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रुमालात बांधला की बराच वेळ गरम राहतो. माणूस उघड्या पाठीने पालथा पडलेला असेल तर त्याला तो आणखी बराच वेळ वाटतो.

*

आमच्या सात नंबरच्या इमारतीला लिफ्ट आहे. बातम्या मात्र जिन्याने जातात, कारण जिन्यात थांबता येतं.

*

प्लॅटिनम काळं पडत नाही.

*

जेवणाच्या गोल टेबलावर जी फिरती काच असते, तिच्यावर एखादी वस्तू ठेवली की ती आपली राहत नाही. ती आधी सगळ्या पाहुण्यांची होते.

*

त्या आठवड्यात आमची मुलगी रुईलान लांब बाह्यांचा स्वेटर घालून वावरत होती. बाह्या थेट बोटांपर्यंत.

*

माझा ताप खरा होता. हे मी इथे एकदाच लिहून ठेवतो, कारण पुढे मला याच्या उलट बोलावं लागणार आहे.

*

मी लियाओ देशेंग. चांगशा शहरातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो आणि प्लॅटिनमची नाणी जमवतो. जमवतो म्हणजे माझ्याकडे तीन आहेत. तीन नाण्यांना संग्रह म्हणत नाहीत, असं माझी बायको शुयुन म्हणते. तीन मुलं असती तर तिने तेच म्हटलं असतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

ही नाणी पैसे म्हणून कोणी वापरत नाही. कोटाच्या बटणाएवढं नाणं. एका बाजूला बांबू खात बसलेला पांडा, दुसऱ्या बाजूला पेइचिंगचं स्वर्गमंदिर. पार्श्वभूमी आरशासारखी, पांडा मात्र गोठलेल्या दवासारखा पांढुरका. त्यावर शंभर युआन असं छापलेलं असतं. वरच्या मजल्यावरच्या तांग वहिनींना मी एकदा मोठ्या हौसेने नाणं दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लियाओ सर, शंभर युआनची नोटही मिळते की. ती घडी घालता येते."

तिन्ही नाणी टांकसाळीच्या हवाबंद प्लास्टिकमध्ये. हे प्लास्टिक उघडायचं नसतं. का, ते आमच्या धंद्यातल्या, म्हणजे छंदातल्या, कोणालाही विचारा. तो तुमच्याकडे असा बघेल, जणू तुम्ही झोपलेल्या बाळाला चिमटा काढायची परवानगी मागताय. आरशावर श्वासाचा डाग पडतो. बोटाचा ठसा तर मुक्कामालाच येतो. सुती रुमाल म्हणजे खरवडणी.

रुमालाचं लक्षात ठेवा.

*

रुईलानचं बोवनशी लग्न ठरत होतं. ठरत होतं म्हणजे त्या दोघांचं ठरलेलं होतं आणि बोवनच्या आईचं ठरायचं होतं.

बोवनचे वडील ओऊयांग साहेब. मोठ्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आवाज खालचा, भुवया वरच्या. तेही प्लॅटिनमची नाणी जमवतात. त्यांच्याकडे मात्र कपाट आहे. पहिल्या भेटीत त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, कपाट उघडलं आणि मला म्हणाले, "लियाओ सर, श्वास जरा बाजूला सोडा."

मी बाजूला सोडला. तिथे त्यांची बायको, शेन मॅडम, बसलेल्या होत्या. त्यांना ते आवडलं नाही.

"तुम्ही भूगोल शिकवता ना?" शेन मॅडमनी विचारलं. "भूगोलाला कोणी शिकवणी लावतं का हो?"

"नाही."

"हं."

ओऊयांग साहेब पांडे दाखवत होते. सगळी नाणी पेइचिंगमधल्या एका मोठ्या माणसाकडून घेतलेली. बाजारातल्या टपरीवरून मी घेतो हे ऐकून ते इतकं मऊ हसले की मला माझे बूट खाली बघून तपासावेसे वाटले. मग एका रिकाम्या खाचेवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा एक नाही माझ्याकडे. हा मिळाला की मी मरायला मोकळा."

ती खाच ज्या वर्षाची होती त्या वर्षाचा पांडा माझ्याकडे होता. माझ्या तिघांतला मधला. सर्वांत लाडका.

मी खाचेकडे बघत चहा संपवला. निघताना शेन मॅडम दारात म्हणाल्या, "रविवारी दोन्ही घरं जेवायला बसू. मग बघू." त्यांच्या त्या 'बघू'ला माझ्या मुलीचं लग्न टांगलेलं होतं. लिफ्टमध्ये रुईलान शांतपणे म्हणाली, "बाबा, होईल नीट." तिची शांतता मला तेव्हा भोळेपणाची वाटली.

त्याच रात्री मी ठरवलं. रविवारच्या जेवणात, फिरत्या काचेवर, माशाच्या डोक्याशेजारी, मी तो मधला पांडा ओऊयांग साहेबांसमोर ठेवणार. सीलबंद. एक अक्षर न बोलता. मग बघू कोण काय बघतं ते.

*

शुयुनला सांगितलं. ती म्हणाली, "दारू दे. चांगल्या दारूच्या बाटल्यांची जोडी, चहाचा डबा. लोक हेच देतात आणि सुखी असतात."

तांग वहिनींना मी सांगितलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "गावाकडचं धुरावलेलं मांस द्या. आख्खी तंगडी. वजन दिसलं पाहिजे माणसाला. तुमचं ते बटण पिशवीत सापडायचंही नाही."

श्यांग सर आमच्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवतात आणि आमच्याच मजल्यावर राहतात. ते म्हणाले, "काहीही द्या, पण आधी कुठे नीट ठेवा. नाणी हरवतात ती घरातच."

हा एकच सल्ला मी मानला, आणि त्यानेच माझा घात केला.

बँकेत गेलो. लॉकर हवा म्हटलं. काचेमागची मुलगी म्हणाली, "लॉकर रिकामा नाही. नाव लिहून ठेवते. कोणीतरी सोडला की कळवू."

"कोणी कधी सोडतं?"

"सहसा कोणी सोडत नाही, काका. वारस सोडतात."

घरी आलो. तांदळाच्या डब्यात ओल येते; वसंतात चांगशामध्ये भिंतींना घाम फुटतो. पुस्तकांच्या कपाटात शुयुनचा हात असतो. पलंगाखाली सासूबाईंचं लोणचं असतं. विचार करता करता मला घरातली सर्वांत निर्मनुष्य जागा सापडली: औषधांचा ड्रॉवर. शुयुन आजारी पडत नाही. रुईलान ऑफिसातून गोळ्या घेते. आणि आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाई कोणत्याच गोळीवर विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या मते थर्मामीटर ही काचेच्या कारखान्यांनी काढलेली अफवा आहे.

मी पांडा जुलाबाच्या गोळ्यांखाली ठेवला आणि फार दिवसांनी गाढ झोपलो.

*

बुधवारी ताप आला.

*

आता सासूबाईंच्या गावची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कोणाला पटणार नाही. आमच्याकडे लहानपणी सगळ्यांच्याच पाठीवर ती झालेली आहे, त्यामुळे इथे कोणी हसत नाही. अंडं उकडायचं. बलक काढून टाकायचा. गरम पांढऱ्या भागात चांदीची वस्तू ठेवायची, बांगडी किंवा जुनं नाणं, सगळं रुमालात बांधायचं आणि तापलेल्या माणसाच्या कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून चोळत फिरवायचं. मग रुमाल सोडायचा. चांदी निळी-काळी पडली की समजायचं, अंगात शिरलेला वारा, म्हणजे बाधा, बाहेर आला. जितकी काळी तितका आजार मोठा. माणूस उठून बसतो आणि रस्सा मागतो.

श्यांग सर म्हणतात की अंड्यात गंधक असतं आणि चांदी गंधकाने काळी पडते, माणूस असो वा नसो. ते हे सांगतात तेव्हा बायका त्यांना विचारतात, "मग माणूस बरा का होतो?" यावर रसायनशास्त्र गप्प बसतं.

सासूबाईंच्या मनगटात कायम एक जाड चांदीची बांगडी असे. आमच्या घराण्यातली सगळी दुखणी त्या बांगडीने ओढून घेतलेली आहेत. त्यामुळे बुधवारी मी पालथा पडलो, बनियन वर सरकवला आणि त्या ओळखीच्या जडपणाची वाट बघू लागलो. पाठीवर जे आलं ते छोटं होतं. दातेरी कडांचं. रुमालाच्या आत इकडेतिकडे घसरत होतं.

"आई, बांगडी कुठाय?" मी उशीत तोंड ठेवून विचारलं.

"हात सुजलाय माझा. काढून ठेवलीय."

"मग हे काय आहे?"

"ड्रॉवरात होतं. गोळ्यांच्या खाली. कात्रीने कापावं लागलं मेलं प्लास्टिक, किती घट्ट! पण आत कसं स्वच्छ. कोणाचा हातही लागलेला नाही."

लोक म्हणतात की भीतीने अंगातून थंड लहर जाते. माझ्या अंगात एकोणचाळीस अंश सेल्सिअस ताप होता. माझ्या अंगातून कोमट लहर गेली.

"आई, थांबा."

"हलू नकोस, देशेंग. वारा खांद्यात अडकलाय."

मी उठू पाहिलं. त्यांनी एक कोपर माझ्या कण्यावर रोवलं. त्या सत्तरीच्या पुढे आहेत आणि तरुणपणी त्यांनी डुकरं धरलेली आहेत. आरशासारख्या पार्श्वभूमीचा, श्वासालाही घाबरणारा माझा मधला पांडा माझ्याच घामावर, सुती रुमालात, मानेपासून कंबरेपर्यंत आणि कंबरेपासून मानेपर्यंत फिरत होता. मला एकेक ओरखडा ऐकू येत होता. शुयुन म्हणते, असं काही ऐकू येत नाही. तिच्या पाठीवर पांडा नव्हता.

मग रुमाल सुटला.

 नाणं उजेडाकडे धरून सासूबाईंनी उलटसुलट केलं. ते पांढरंशुभ्र होतं.

"काळं नाही पडलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी मुलीचा बाप आहे, माझे केस पांढरे होताहेत, पण शाळा बुडवणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काही झालेलं नाही, देशेंग. ऊठ."

*

इमारतीच्या ग्रुपवर, संध्याकाळी:

तांग वहिनी: लियाओ सरांच्या घरची चांदी काळी पडली नाही म्हणे.

तिसरा मजला: म्हणजे ताप खोटा?

तांग वहिनी: किंवा चांदी खोटी. आज्जींचा हात खोटा नाही एवढं नक्की.

पाचवा मजला: सरांना टपरीवाल्याने फसवलं असणार. मी आधीच म्हटलं होतं.

पाचवा मजला: (कधी म्हटलं होतं ते विचारू नका.)

श्यांग सर: ते प्लॅटिनम आहे. प्लॅटिनम काळं पडतच नाही.

तिसरा मजला: श्यांग सर, खालच्या गटाराचं काय झालं?

*

अशा रीतीने आमच्या वसाहतीत दोन पक्ष पडले. एक म्हणे नाणं खोटं, दुसरा म्हणे ताप खोटा. नाणं आणि ताप दोन्ही खरे असू शकतात असं मानणारा तिसरा पक्ष श्यांग सरांचा. त्यात ते एकटेच होते. मी तापामुळे सभासद होऊ शकलो नाही.

दुसऱ्या पक्षाची माणसं आमच्या शाळेतही आहेत. गुरुवारी कार्यालयातून फोन आला, "सर, दवाखान्याचा दाखला लागेल. असं काही नाही, पण... लागेल."

दवाखान्यात गेलो. तोवर ताप उतरला होता. डॉक्टर तरुण होता, सज्जन होता. "ताप नसताना तापाचा दाखला कसा देऊ, काका?"

"काल होता."

"मग काल का नाही आलात?"

"काल मी अंड्याखाली होतो."

त्याने मान हलवली. तोही आमच्याच भागातला. "चांदी काळी पडली का?" त्याने आपुलकीने विचारलं.

मी दाखल्याशिवाय परतलो.

*

तिथून नाण्यांच्या बाजारात. जुन्या वस्तूंच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुआंगची टपरी आहे. कुआंग दिवसभर सुपारी चघळतो आणि बोलताना ती एका गालातून दुसऱ्या गालात नेतो; ती मधे असताना त्याचं म्हणणं विचारात घेऊ नये. माझी तिन्ही नाणी त्याच्याकडचीच.

मी रुमाल उघडला. त्याने नाणं पाहिलं, मग मला पाहिलं.

"सर, काय केलंत हे? भांडी घासलीत?"

"सील परत लागेल का?"

"लावणारे आहेत की." सुपारी डावीकडे गेली. "पण ते आपल्या बाजूचे नाहीत. चांदीचा पांडा पाडतात, हुबेहूब, आणि प्लास्टिक असं चिकटवतात की बघत राहावं. कोणी उघडतच नाही, सर. जितकं मोठं गिऱ्हाईक तितकं कमी उघडतं. त्यांचं त्यामुळे फावतं." सुपारी उजवीकडे. "तुमचं मात्र खरं आहे. आता ओरखडलेलं खरं आहे. मी परत घेणार नाही, पण खरं आहे."

मी जिना उतरलो. खाली पाऊस, छत्र्या, तळलेल्या टोफूचा वास. हातात ओरखडलेला पांडा, आणि रविवार तर समोर येऊन उभा.

*

शुक्रवारी कळलं की तांग वहिनी ज्यांच्याकडे माहजोंग खेळायला जातात त्यांच्याकडेच शेन मॅडमही जातात.

म्हणजे शेन मॅडमना सगळं कळलं होतं. म्हणजे सगळं नव्हे; सगळ्याच्या दुप्पट.

शुयुनने दारूची जोडी आणून नाण्याशेजारी ठेवली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. रुईलान सोफ्यावर स्वेटरच्या बाहीतून बोटं काढून संत्रं सोलत होती.

"तुला काळजी वाटत नाही का ग?" मी विचारलं.

"वाटते ना, बाबा. तुमची."

सासूबाई खिडकीत बसून उजवं मनगट चोळत होत्या. मला ते सुजलेलं दिसलं नाही, पण त्यांच्या सुजेवर शंका घ्यायचा अधिकार मी त्या आठवड्यात गमावलेला होता.

*

रविवार. दुपार. नदीकाठच्या हॉटेलातली बंद खोली. दाराकडे तोंड असलेली मानाची खुर्ची सासूबाईंना. त्यांच्या उजवीकडे ओऊयांग साहेब, मग शेन मॅडम, मग बोवन, रुईलान, मग दाराशी मी, जिथून वाढपी वाढतात, आणि शेवटी शुयुन.

ओऊयांग साहेब खोकत होते. आठवडाभराचा खोकला, ओला, खोल. प्रत्येक खोकल्यानंतर ते रुमालात बघून घडी घालत. सासूबाई त्यांच्याकडे आंबा पिकला का हे बघतात तशा बघत होत्या.

माशाचं डोकं आलं, लाल मिरचीने झाकलेलं. त्याचं तोंड सासूबाईंकडे वळवलं गेलं. दोन पेले झाले. मग शेन मॅडमनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"लियाओ सर, ऐकलं की तुम्ही आमच्या ह्यांच्यासाठी काहीतरी आणलंय. बाजारात गाजलेलं."

बोवन म्हणाला, "आई."

"मी कौतुकानेच विचारतेय."

मी खिशातून डबी काढली आणि फिरत्या काचेवर ठेवली. याच क्षणासाठी मी आठवडाभर एक वाक्यही न बोलण्याचा सराव केला होता. तेवढ्यात शुयुनने घाबरून शेन मॅडमना भाजी वाढण्यासाठी काच फिरवली. डबी निघाली. सासूबाईंनी त्यांच्यासमोर आलेलं बदक थांबवलं. डबी बोवनसमोर थांबली. बोवनने अदबीने ती वडिलांकडे ढकलायला काच उलटी फिरवली, त्याच वेळी शेन मॅडमनी सुलटी. डबी मिरचीच्या रश्शाशेजारी अडकून थरथरत उभी राहिली. सगळे "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" म्हणत होते आणि माझा पांडा माशाच्या डोळ्यासमोरून तिसऱ्यांदा गेला.

शेवटी ओऊयांग साहेबांनी डबी पकडली. हातमोजे चढवले. भिंग काढलं. 

"सील?" त्यांनी विचारलं.

"उघडलं."

"कोणी?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "कात्रीने."

ओऊयांग साहेबांनी डोळे मिटले. शेन मॅडमनी उघडले.

"आणि अंड्यात काळं पडलं नाही, असं ऐकलं," शेन मॅडम म्हणाल्या. "म्हणजे खोटंच ना. वाईट वाटून घेऊ नका, लियाओ सर, माणूस फसतो. पण भेट म्हणून देताना तरी..." वाक्य त्यांनी काचेवर ठेवून दिलं.

"नाणं खरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "ताप खोटा होता."

"ताप खरा होता!" मी म्हणालो. आवाज चिरकला. "प्लॅटिनम काळं पडत नाही. आमचे रसायनशास्त्राचे श्यांग सर..."

"कुठल्या शाळेत?"

"आमच्याच."

"हं."

रुईलानने बाही आणखी खाली ओढली. बोवनचा हात टेबलाखाली कुठेतरी होता आणि तिचाही. शेन मॅडम पर्स आवरू लागल्या. त्या 'बघू' म्हणाल्या होत्या आणि त्यांचं बघून झालं होतं. मला स्पष्ट दिसलं: आता त्या उठतील, बोवन उठेल किंवा उठणार नाही, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी एक घर मोडेल. तेही माझ्या ड्रॉवरमुळे.

ओऊयांग साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून सीलबंद प्लास्टिक काढलं. "मी माझ्याकडचा एक आणलाय. तुलनेला. लियाओ सर, बघा, अस्सल हे असं दिसतं." त्यांना खोकला आला. मोठा. टेबल हललं.

"हे असं नाही चालायचं," सासूबाई म्हणाल्या आणि वाढपी मुलीकडे वळल्या. "पोरी, एक अंडं उकडून आण. आणि कात्री."

"आज्जी, मला काही झालेलं नाही," ओऊयांग साहेब म्हणाले.

"देशेंग ह्याच्या उलट म्हणत होता. त्याचं खोटं निघालं. तुझं बघू." त्यांनी खुर्ची सरकवली. "माझी बांगडी नाहीये आणि ह्याचं नाणं काही ओढत नाही. तुझं दे."

"आज्जी, ह्याचं सील..."

"उघडा हो," शेन मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे माझ्यावर होते. "होऊन जाऊ दे. सगळ्यांच्या समोर. एकदा कळू दे, अस्सल कसं पांढरं राहतं आणि कसं नाही."

त्यांचंही थोडं गोंधळलं होतं, पण रागात तर्काला कोण विचारतं. ओऊयांग साहेब बायकोकडे बघत राहिले. सगळ्यांसमोर नाही म्हणायचं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी मान खाली घातली. कात्री चालली. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला; माझ्या पांड्याच्या वेळी मी तापात पडलो होतो. दुसऱ्याच्या नाण्यावर तो तितकासा वाईट वाटला नाही, आणि ते मला आवडलं नाही.

अंडं आलं. बलक निघाला. रुमाल बांधला गेला. बांधकाम खात्याच्या निवृत्त अधिकाऱ्याची कॉलर सैल झाली आणि सासूबाईंचा हात तिच्यात गेला. हातमोजे घातलेले त्यांचे हात टेबलावर होते, दोन पांढरे पक्षी आजारी पडून बसल्यासारखे. काच थांबली होती. माशाच्या डोक्यावरची वाफही थांबली. शुयुन माझा गुडघा इतक्या जोरात दाबत होती की तिथे दोन दिवस निळं राहिलं.

आणि तेवढ्यात मला कुआंगची सुपारी आठवली. डावा गाल. *जितकं मोठं गिऱ्हाईक तितकं कमी उघडतं.*

मी म्हणालो, "आई, पुरे."

"पाठ राहिलीय."

"आई, राहू दे ना..."

रुमाल सुटला.

पांडा काळा होता. कावळ्याच्या पिसासारखा, आत निळी झाक असलेला काळा. बांबू काळा. स्वर्गमंदिर काळं.

 ओऊयांग साहेबांनी भिंग उचललं नाही. त्यांना गरज नव्हती. नाणी जमवणाऱ्या माणसाला चांदी कळते, एकदा दिसली की. त्यांचा चेहरा बघता बघता जुना झाला. ते कपाट माझ्या डोळ्यांसमोर आलं, रांगाच रांगा, सगळ्या सीलबंद, सगळ्या त्या पेइचिंगच्या मोठ्या माणसाच्या. शेन मॅडम नवऱ्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत 'हं' नव्हतं. भीती होती.

"बापरे!" सासूबाई म्हणाल्या. नाणं त्यांनी सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "केवढा वारा भरला होता ह्याच्या अंगात! इतकं काळं मी माझ्या सासऱ्यांच्या वेळीही पाहिलं नव्हतं."

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. या टेबलावर दोनच माणसांना माहीत होतं की हे काय झालं, आणि त्यातला एक बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

मी खोटं सांगत नाही: मला मोह झाला. आठवडाभराचा ग्रुप, दवाखाना, कार्यालय, 'भूगोलाला शिकवणी', सगळं जिभेवर आलं. एकच वाक्य पुरलं असतं. श्यांग सरांचंच वाक्य. ओऊयांग साहेब त्याची वाट बघत होते, मान किंचित पुढे, जणू श्वास बाजूला सोडून.

"साहेब," मी म्हणालो, "केवढा आजार अंगावर काढत होतात तुम्ही. आणि मी... मला तर काही झालंच नव्हतं. आई म्हणतात ते बरोबर आहे. शाळेचा कंटाळा आला होता."

शुयुनने माझा गुडघा सोडला.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "चार दिवसांनी कबूल झाला."

ओऊयांग साहेबांनी हातमोजे काढले. एकेक बोट करून. मग उघड्या हाताने त्यांनी माझा ओरखडलेला पांडा उचलला, बोटांचे ठसे उमटवत, आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "खरंच बरं वाटतंय, आज्जी," ते म्हणाले.

त्यानंतर जेवण संपेपर्यंत ते खोकले नाहीत. बरे झालेल्या माणसाला खोकता येत नाही. मधूनमधून त्यांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, मी त्यांना चहा ओतायचो, ते मान हलवायचे. एवढी मैत्री मी कोणाशीच केलेली नाही.

शेन मॅडमनी काच फिरवली, माशाच्या गालाचा मऊ तुकडा उचलला आणि शुयुनच्या वाटीत ठेवला. "विहीणबाई, घ्या ना," त्या म्हणाल्या. "तारीख बघायला हवी एखादी चांगली. बघू या."

*

माझी रजा बिनपगारी झाली. श्यांग सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्यांच्या पक्षाचा मी शेवटचा मतदार होतो.

काळा पांडा सासूबाईंनी ठेवून घेतला. तो आता औषधांच्या ड्रॉवरमध्ये, जुलाबाच्या गोळ्यांच्या वर असतो, आणि इमारतीत कोणाला ताप आला की जिन्याने वरखाली जातो. तांग वहिनी म्हणतात, लियाओ सरांनी शेवटी एक कामाचं नाणं मिळवलं. माझ्याकडे आता दोन उरली आहेत. शुयुन म्हणते, दोन नाण्यांना जोडी म्हणतात.

*

रुईलान आणि बोवन यांच्या लग्नाची नोंदणी माझ्या तापाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळीच झाली होती, आणि सासूबाईंची चांदीची बांगडी मंगळवारपासून रुईलानच्या मनगटात, स्वेटरच्या बाहीखाली होती.